वजन घटविणारी शस्त्रक्रिया : निवड कोणत्या निकषांवर?

बेंगळुरूसारख्या महानगरात नोकरदाराचा दिवस बहुतांशी बसूनच जातो. संगणकासमोर आठ-नऊ तास, आउटर रिंग रोडवरील वाहतुकीत आणखी दीड-दोन तास आणि घरी पोहोचल्यावर उशिराचे जेवण असा हा क्रम असतो. त्याचे परिणाम आकडेवारीत दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. कर्नाटकात हे प्रमाण दोहोंमध्ये सुमारे ३० टक्के होते. आहार, व्यायाम व औषधे यांनी ज्यांचे वजन आटोक्यात आले नाही, अशा काहींना डॉक्टर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. तेव्हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, ‘सर्वांत चांगली शस्त्रक्रिया कोणती?’ वस्तुतः या प्रश्नाला एकच उत्तर नाही. वजनाबरोबर कोणते आजार आहेत आणि शस्त्रक्रियेनंतरची पथ्ये आयुष्यभर पाळणे कितपत शक्य आहे, यांवर निवड अवलंबून असते.

चरबी काढणे म्हणजे स्थूलतेवर उपचार नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. त्वचेखालील चरबी शोषून काढण्याची लायपोसक्शन ही शरीराला आकार देणारी सौंदर्यशस्त्रक्रिया आहे. मधुमेह वा रक्तदाब यांवरील तो इलाज नव्हे. मे २०२२ मध्ये बेंगळुरूतील एका खाजगी रुग्णालयात चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कन्नड दूरचित्रवाणीवरील एका तरुण अभिनेत्रीचा मृत्यू झाला आणि या विषयाकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले गेले. ‘छोटीशी’ म्हणून सांगितलेली शस्त्रक्रियाही भूल, रक्तस्राव व श्वसन यांच्या जोखमीपासून मुक्त नसते. स्थूलतेवरील शस्त्रक्रिया मात्र जठर आणि लहान आतडे यांवर केली जाते. तिला वैद्यकात बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात.

पात्रता कशी ठरते?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय हा निर्देशांक मिळतो. उंची १६५ सेंटिमीटर व वजन ९२ किलो असल्यास तो सुमारे ३३.८ येतो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये शस्त्रक्रियेसाठी ४०, आणि सोबत गंभीर आजार असल्यास ३५, अशी मर्यादा सुचविली होती. भारतीयांच्या पोटावर चरबी लवकर साठते आणि त्यांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह जडतो. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये हीच मर्यादा अनुक्रमे ३७.५ आणि ३२.५ अशी खाली आणली. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय शल्यसंघटनांनी ती आणखी सैल केली. अर्थात निर्देशांक म्हणजे केवळ उंबरठा होय; तो ओलांडला म्हणून शस्त्रक्रिया करावीच लागते असे नाही.

प्रमुख तीन पद्धती

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी : या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात व उरलेल्या भागाची अरुंद नळी बनते. भूक चाळविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. आतड्याची रचना बदलत नाही. मात्र काढलेले जठर परत मिळत नाही.

गॅस्ट्रिक बायपास : अमेरिकेत आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ च्या सुमारास या पद्धतीचा पाया घातला. जठराच्या वरच्या टोकाशी लहान पिशवी बनवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेले जठर व आतड्याचा आरंभीचा भाग शरीरातच राहतो, पण अन्न त्यातून जात नाही. आतड्यातील संप्रेरकांत त्यामुळे बदल होतात आणि मधुमेहावर त्यांचा चांगला परिणाम होतो.

मिनी गॅस्ट्रिक बायपास : अमेरिकेतील रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत लांबट पिशवी आणि आतड्याचा एकच जोड असतो. फ्रान्समधील २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांअखेर वजनातील घट नेहमीच्या बायपासच्या तोडीची दिसली. परंतु जुलाब व पोषणाच्या तक्रारी अधिक आढळल्या.

जठराभोवती सिलिकॉनचा पट्टा बसविण्याची पद्धत एकेकाळी लोकप्रिय होती. पट्टा सरकणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे अशा अडचणींमुळे ती मागे पडली. जठरात ठेवावयाचा फुगा हा तात्पुरता उपाय आहे. तो काही महिन्यांनी काढावा लागतो.

निवड करताना

छातीत जळजळ : अन्ननलिकेत आम्ल वर येण्याचा त्रास जुना असल्यास स्लीव्ह सहसा टाळावी, कारण अरुंद नळीतील वाढलेल्या दाबाने तो बळावू शकतो. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासात दहा वर्षांनी अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्क्यांत, तर बायपास झालेल्यांपैकी ७ टक्क्यांत आढळला. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एंडोस्कोपी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

वजनातील घट : याच अभ्यासात जादा वजनापैकी स्लीव्हने सुमारे ४४ टक्के, तर बायपासने सुमारे ५१ टक्के वजन दहा वर्षांनंतरही घटलेले राहिले. दोन पद्धतींत अंतर आहे, पण ते फार मोठे नाही.

मधुमेह : आजार नवा असेल आणि इन्सुलिन सुरू झाले नसेल, तर लाभ अधिक होतो. तथापि फिनलंडच्या अभ्यासात दहा वर्षांनी मधुमेह पूर्णपणे मागे हटलेल्यांचे प्रमाण स्लीव्हनंतर सुमारे एक-चतुर्थांश व बायपासनंतर एक-तृतीयांश होते. ‘मधुमेह कायमचा जाईल’ हे आश्वासन त्यामुळे जपूनच ऐकावे.

सवयी व औषधे : धूम्रपान करणाऱ्यास अथवा सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या नेहमी घ्याव्या लागणाऱ्यास बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका असतो. त्याने ही माहिती डॉक्टरांपासून लपवू नये.

ताटात बदल, तोही कायमचा

बायपासनंतर केसरीभात किंवा म्हैसूरपाक यांसारखा गोड पदार्थ खाल्ल्यास साखर झपाट्याने आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, चक्कर अशी लक्षणे दिसू शकतात. कोणत्याही पद्धतीनंतर घास लहान, चावणे अधिक आणि पाणी जेवणाबरोबर न घेता नंतर, हा नियम लागू होतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. भात-सांबारावर भिस्त असलेल्या शाकाहारी घरांत डाळी, दही, पनीर, सोयाबीन यांचे नियोजन करावे लागते. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या व ठराविक काळाने रक्ततपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. शस्त्रक्रियेनंतर साधारण दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. नोकरीनिमित्त वारंवार बदली होणाऱ्याने नव्या गावात ही तपासणी कोण करणार, याचा विचार आधीच केलेला बरा.

२०२५ पासून सेमाग्लुटाइड व टिर्झेपटाइड ही आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाची औषधे वजन कमी करण्यासाठी भारतात मिळू लागली. ती थांबविल्यास घटलेल्या वजनाचा मोठा भाग बहुधा परत येतो. तरीही शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी हा पर्याय आपल्याला लागू आहे काय, हे डॉक्टरांना विचारावे.

विमा : मर्यादा वेगळी

येथे अनेकांची निराशा होते. विमा विनियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या शब्दरचनेनुसार वजन घटविण्याची शस्त्रक्रिया विम्यातून वगळलेली असते. केवळ काही अटी पूर्ण झाल्यास ती ग्राह्य धरतात. त्यात रुग्णाचे वय किमान १८ वर्षे, डॉक्टरांचा सल्ला आणि निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असावा लागतो. निर्देशांक ३५ वा अधिक असल्यास अनियंत्रित टाइप-२ मधुमेह, हृदयधमनीविकार, स्थूलतेमुळे झालेला हृदयस्नायूचा विकार वा तीव्र स्लीप ॲप्निया यांपैकी गंभीर आजार असावा आणि वजन घटविण्याचे सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असावेत.

वरील उदाहरणातील ३३.८ निर्देशांकाचा मधुमेही रुग्ण भारतीय वैद्यकीय निकषांनुसार शस्त्रक्रियेस पात्र ठरतो, परंतु विम्याच्या अटीत बसत नाही. त्याला खर्च स्वतःच्या बचतीतून वा कर्जातून करावा लागेल. पूर्वीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. समूह विम्याच्या अटी निराळ्या असू शकतात. म्हणून पूर्वमंजुरी लेखी घ्यावी. अंदाजपत्रकात शस्त्रक्रियेच्या रकमेबरोबर पुढील तपासण्या, पूरक औषधे, रजा आणि गुंतागुंत झाल्यास लागणारी राखीव रक्कम धरावी.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

१. माझ्या आजारांचा विचार करता हीच पद्धत का, दुसरी का नाही?
२. आपण ही शस्त्रक्रिया किती वेळा केली आहे आणि गुंतागुंतीचे प्रमाण काय?
३. रुग्णालयात अतिदक्षता विभाग, भूलतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ उपलब्ध आहेत काय? रुग्णालयाची शासकीय नोंदणी आहे काय?
४. वजन पुन्हा वाढल्यास वा त्रास झाल्यास पुढचा मार्ग कोणता?
५. पाठपुरावा किती वर्षे आणि कोठे होईल?

या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत, कुटुंबीयांसह वाचावीत आणि शक्य तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. ‘आजच नोंदणी केल्यास सवलत’ अशा घाईला बळी पडू नये. स्थूलता वर्षानुवर्षे वाढत आलेली असते. तिच्यावरील कायमस्वरूपी उपायाचा विचार करण्यास काही आठवडे लागले, तर त्यात तोटा नाही.