रेशा आणि रेषा

मुलांनो, समजा, तुमचे घर सोलापूरजवळ वळसंगला आहे. दवाखान्यातून दादींच्या आहाराचा कागद मिळाला आहे. त्यावर मराठीत लिहिले आहे : ‘तंतुमय पदार्थ खा. पीठ चाळू नका. ज्वारीच्या भाकरीने पोटाला आधार राहतो.’ दादींना मराठी वाचता येत नाही. तुम्ही त्यांना उर्दूत काय सांगाल?

‘तंतू’ म्हणजे उर्दूतला ‘रेशा’. पण जपून! मराठीत ‘रेषा’ म्हणजे ओळ, उर्दूत जिला ‘लकीर’ म्हणतात. ‘ज्वारीत रेषा असतात’ असे उत्तरपत्रिकेत लिहिले, तर तपासणारे गुरुजी हसतील. काही मराठी पुस्तकांत तंतूंना ‘चोथा’ असेही म्हणतात. रस काढून उरलेला ऊस, तोही चोथाच. त्याचे उर्दूत ‘फोक’ केले, तर दादी रागावून म्हणतील, “मैं फोक क्यों खाऊँ?”

‘पोटाला आधार’ याचे शब्दशः भाषांतर करू नका. ‘पेट देर तक भरा रहता है’ असे सांगा. तेच खरेही आहे. तंतू आपल्याला पचत नाहीत. ते पाणी शोषून फुगतात, म्हणून भूक उशिरा लागते. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, मैद्यात 3 ग्रॅमही नसतात. मैदा करताना कोंडा निघून जातो ना!

आता राहिले ‘पीठ चाळू नका’. हे वाक्य सोपे वाटते, पण दादी रोज पीठ चाळतात. म्हणून ‘आटा न छानें’ एवढे सांगून थांबू नका. चाळणीत उरते ती भूसीच कागदावर खायला सांगितली आहे, हेही त्यांना सांगा.