पोरगा गप्प झाला तर

आंधळगाव हे भंडारा जिल्ह्यातले, मोहाडी तालुक्यातले विणकरांचे गाव. येथे कोशाचे कापड विणतात. माग चालू असला की त्याचा आवाज येतो. शेजाऱ्याला न विचारता कळते, घरात काम चालू आहे. माग बंद पडला तर तेही कळते. मन बंद पडले तर मात्र आवाज येत नाही. ते ओळखावे लागते.

२०२० सालच्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. बाजार बंद झाले. त्याच साली ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला मोठा पूर आला. जिल्ह्यातली कितीतरी घरे आणि शेते पाण्यात गेली. पुढच्या साली, २०२१ मध्ये, दहावीची परीक्षाच रद्द झाली. मोठ्यांची काळजी सर्वांना दिसत होती. पोरे घरात होती, जेवत होती, म्हणून आपल्याला वाटले, ती बरी आहेत.

साथ गेली. पण ‘पुढे काय?’ हा पोरांचा प्रश्न गेला नाही. मागावर बसावे तर पोट भरेल का? भरतीची तयारी करावी तर जागा थोड्या, उमेदवार फार. कर्ज काढून शिकावे तर नोकरीचा भरवसा नाही.

समजा, असाच एक मुलगा आहे. वय अठरा. रोज पहाटे उठून भरतीसाठी धावायचा. आता धावणे सोडले. जेवायला बोलावले तर म्हणतो, “भूक नाही.” रात्री जागा असतो, दिवसा निजतो. मित्र दारात आले तर भेटत नाही. माय म्हणते, “आळशी झाला.” बाप म्हणतो, “आमच्या वेळेस आम्ही किती सोसलं! तुले काय कमी आहे?” मुलगा आणखी गप्प होतो.

हे आईबाप वाईट नाहीत, बरे का. आपण सगळे असेच बोलतो. आम्हीही बोललो आहोत. पण अशा बोलण्याने पोराला एकच गोष्ट कळते: इथे सांगून उपयोग नाही.

आता त्याची आजी काय करते ते पाहा. ती कांड्या भरता भरता त्याच्या जवळ बसते. “काऊन रे बापू, आता धावाले जात नाहीस?” एवढेच विचारते. तो बोलत नाही. आजी रागावत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जवळ बसते. तिसऱ्या दिवशी तो म्हणतो, “आजी, मले काहीच जमत नाही. मी नसतो तर बरं झालं असतं.”

इथेच आपली चूक होते. “असं अभद्र बोलू नये,” असे म्हणून आपण त्याचे तोंड बंद करतो. तसे करू नका. सरळ विचारा, “जीव द्यावासा वाटते का रे?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, अशी पुष्कळांना भीती वाटते. डॉक्टर सांगतात, तसे होत नाही. उलट मनातले सांगायला वाट मिळते. तो ‘हो’ म्हणाला तर घाबरू नका, ओरडू नका. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध कुलुपात ठेवा, किल्ली आपल्याजवळ ठेवा. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रत्येक उदासी म्हणजे आजार नव्हे. नापास झाले, कोणाशी बिनसले, तर चार दिवस वाईट वाटणारच. पण दोन आठवडे झाले, तरी झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, तर डॉक्टरला दाखवावे.

मुलींचे तर लवकर लक्षातच येत नाही. मुलगा गप्प झाला तर निदान कोणी विचारते. मुलगी गप्प झाली तर लोक म्हणतात, “शहाणी झाली.” घरात मुलगी असेल तर हे पुन्हा एकदा वाचा.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे शिकलेले आहोत? नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाचे काम झाले. तिथे गावातल्याच बायामाणसांना दुःखी माणसाचे ऐकून कसे घ्यावे ते शिकवले. आफ्रिकेत झिंबाब्वे नावाचा देश आहे. तिथे २००६ साली एका डॉक्टरने आज्यांना हे काम शिकवले. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवला. आजी बाकावर बसते, येणाऱ्याचे ऐकते. पुष्कळांना त्याचा गुण आला. आजी तर आपल्याही घरी आहे.

पण ऐकून घेतले म्हणजे सगळे झाले असे नाही. कोणाला औषध लागते. आशाताईंना विचारा. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारावर उपचार मिळतात. दृष्ट काढून तुम्हाला बरे वाटत असेल तर जरूर काढा, आमची ना नाही. मात्र त्यापायी डॉक्टरकडे जायला उशीर करू नका. कोणी जीव द्यायचा प्रयत्न केला, तर पोलिसांच्या भीतीने घरात लपवून ठेवतात. तेही करू नका. २०१७ च्या कायद्याप्रमाणे असा माणूस फार मोठ्या ताणात होता असे धरले जाते. त्याला शिक्षा करायची नसते, त्याची काळजी घ्यायची असते.

२०२२ साली सरकारने ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा सुरू केली. पैसे पडत नाहीत. रात्रीही फोन लागतो. मराठीत बोलता येते. मुलगा स्वतः बोलू शकतो, आईबापही बोलू शकतात.

तिचा नंबर वहीत पाच वेळा लिहा: १४४१६. फोनच्या बटणांवर इंग्रजी आकडे असतात. ते ओळखता येत नसतील तर घरातल्या पोराला जवळ बसवून शिकवायला सांगा.