दुधाच्या थेंबाचा मुकुट

मुलांनो, बशीतील दुधात वरून एक थेंब पडला तर काय दिसते? थोडे दूध उडते, एवढेच. पण त्या उडण्यात एक सुंदर आकार लपलेला असतो. दुधाची गोल भिंत उभी राहते, तिच्या काठावर मणी येतात आणि चिमुकला मुकुट तयार होतो. आपली नजर पोहोचण्यापूर्वीच तो मोडतो.

अमेरिकेतील अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० नंतरच्या दशकात या मुकुटाचे छायाचित्र घेतले. वेगवान वस्तूसाठी वेगवान कॅमेरा हवा, असे आपल्याला वाटते ना? एजर्टन यांनी प्रकाशच क्षणभराचा केला. काळोखात कॅमेरा कितीही वेळ उघडा असो, जेवढा वेळ प्रकाश तेवढ्याच वेळाचे चित्र!

थोडे गणित करू. अर्ध्या मीटरवरून पडणारा थेंब खाली येताना सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने येतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो ३ मिलिमीटर सरकतो. मग चित्र पुसट होणारच. पण अनेक फ्लॅशची शक्ती सर्वांत कमी ठेवली, तर त्यांचा लखलखाट सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाएवढाच टिकतो. तेवढ्यात थेंब दोन-तीन केसांच्या जाडीइतकाच हलतो.

हा प्रयोग घरीही होतो. रात्री मोठ्या माणसांना सोबत घ्या. दुधाच्या पिशवीला सुईने छिद्र पाडून ती बशीवर टांगा. थेंब पडतो तेथे पेन्सिल उभी धरून कॅमेरा स्पष्ट जुळवा आणि पेन्सिल काढून घ्या. दिवे बंद करा, शटर दोन सेकंद उघडे ठेवा आणि फ्लॅश हातात धरून पेटवा. मात्र फ्लॅश कधीही उघडू नका. सेल काढल्यावरही त्यात सुमारे ३०० व्होल्टची वीज साठलेली असू शकते. तिचा झटका जीवावर बेतू शकतो.

खरी अडचण वेळेची आहे. थेंब पाहून बटण दाबाल तर हमखास चुकाल, कारण डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग निघून जातो. म्हणून कान द्या. टप, टप, टप... थेंब ठेक्यात पडतात. त्या ठेक्यावर बटण दाबा. बंदुकीच्या गोळीचे चित्र घेताना एजर्टन यांनीही कानाचेच काम मायक्रोफोनला दिले होते. गोळीचा आवाज झाला की फ्लॅश आपोआप पेटे.

बटण लवकर दाबले, तर थेंब हवेत लटकलेला सापडेल. उशीर झाला आणि बशी खोल असेल, तर मध्ये दुधाचा खांब उभा दिसेल. ती चित्रेही फेकू नका. ओळीने मांडलीत, तर थेंबाची सगळी गोष्ट वाचता येईल.