ज्याची त्याची वेळ

बाळा, नव्या घरात गॅस जोडून झाला, मिसळणाचा डबा भरला, आता तुझ्या हातचं जेवायला कधी बोलावतोस याची मी वाट बघते आहे. तुझी जीभ चांगली आहे हे आम्हाला तू एवढासा होतास तेव्हापासून ठाऊक आहे. वरणभातावरचं तूप कणभर जरी खवट लागलं तरी ताट सरकवायचास. पण चांगलं खायचं तर नुसती जीभ पुरत नाही, वेळ ओळखावी लागते. फोडणीची एक वेळ असते, खानावळीची एक असते, माशाची तर अख्ख्या वर्षाची असते. आठवेल तसं लिहिते आहे. सगळं एकदम पाठ करायला जाऊ नकोस, लागेल तसं काढून वाच.

१. बाजारात जायच्या आधी फ्रीज उघडून बघ, मगच यादी कर – नाहीतर कोथिंबिरीच्या तीन जुड्या घरात होतात आणि तिन्ही पिवळ्या पडतात.

२. कोथिंबीर निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेव, धुवायची ती चिरायच्या आधी – ओली ठेवलेली पानं दोन दिवसांत काळी पडतात.

३. मिसळणाच्या डब्यात कोरडाच चमचा जाऊ दे – वाफाळत्या कढईवर धरलेला चमचा परत डब्यात गेला की हळदीच्या गुठळ्या होतात.

४. तेल तापलं का, हे मोहरीचा एक दाणा टाकून बघ. तो तडतडला की बाकीची मोहरी, मग जिरं, हिंग, आणि हळद-तिखट अगदी शेवटी. त्यावर लगेच भाजी किंवा पाणी – तिखट तेलात क्षणभर जास्त राहिलं तरी करपतं आणि अख्खी आमटी कडवट होते. मोहरी अबोल, तर आमटी फोल.

५. गोडा मसाला करशील तेव्हा धणे वेगळे भाज, तीळ वेगळे, खोबरं वेगळं, दगडफूल आणि नागकेशर तेलाच्या थेंबावर वेगळं – धण्यांना वेळ लागतो आणि तेवढ्यात खोबरं काळं होतं. कुटायच्या आधी सगळं पुरतं गार होऊ दे, गरम मसाला डब्यात वाफ धरतो.

६. पुस्तकातून करणार असशील तर घरातली एक वाटी आणि एक चमचा मापाला ठरवून टाक, आणि तेच कायम वापर – कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं, त्यावर कितीतरी मुली-मुलं स्वयंपाक शिकली. पण वाटी दर वेळी बदलली तर कुठलंच पुस्तक उपयोगाचं नाही.

७. कुकरमध्ये डाळ अर्ध्याच्या वर भरू नकोस, बाकी काही असेल तर दोन तृतीयांशापर्यंत – डाळीचा फेस शिट्टीच्या नळीत जाऊन बसतो. झाकण लावायच्या आधी ती नळी उजेडाकडे धर, आरपार दिसली पाहिजे. आणि घाई असली तरी वाफ आपली आपण उतरू दे.

८. आता हे जरा लक्ष देऊन वाच, कारण सगळ्यांना वाटतं भातानं काय होणार. उरलेला भात पातेल्यात ओट्यावर ठेवू नकोस. पसरट डब्यात काढ, वाफ जाऊ दे आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेव – तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूची बीजं असू शकतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती वाढतात आणि त्यांचं विष दुसऱ्या दिवशीच्या कांदा-फोडणीनंही जात नाही. फोडणीचा भात जरूर कर, मलाही ठेव, पण तो फ्रीजमधल्या भाताचा.

९. अळू आणि सुरण चिरताना हाताला तेल किंवा चिंच लाव, आणि भाजीतही चिंच नाहीतर आमसूल विसरू नकोस – त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात. पावसाळ्यात शेवळं आणलीस तर त्यांची खाज मारायला विकणारीकडून सोबत काकडंही माग. ती न देता कोणी नुसती शेवळं गळ्यात घालत असेल तर पुढच्या टोपलीकडे चल.

१०. पुरण शिजत आलं की त्यात पळी उभी करून बघ. ती आधार न घेता उभी राहिली की गॅस बंद – सैल पुरणाची पोळी तव्यावर फाटते. हरभऱ्याच्या डाळीचं निथळलेलं पाणी ओतून दिलंस तर मात्र मी बोलणार, कटाची आमटी मग कशाची करशील?

११. दिवाळीत आधी एकच चकली तळून बघ – तेलात विरघळून तुटायला लागली तर मोहन जास्त झालंय, आणि दगड झाली तर कमी पडलंय. पीठ हातात असेपर्यंत इलाज आहे. तळलेलं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नकोस.

१२. पाहुण्यांना पहिल्यांदाच बोलावतोस, तर त्या दिवशी हात बसलेला पदार्थ कर – नव्या पदार्थाला तुझं सगळं लक्ष लागतं आणि पाहुणे एकटे बसतात. नवा पदार्थ मंगळवारी रात्री, स्वतःसाठी.

१३. आणि बोलावतानाच विचार, कुणाला शेंगदाणा चालत नाही का – आपल्याकडे दाण्याचं कूट भाजीत असतं, कोशिंबिरीत असतं, खिचडीत असतं, आणि आपल्याला ते घातल्याचंही लक्षात राहत नाही.

आता मासे. इथं मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुझा जीव त्यातच आहे.

१४. भाव विचारायच्या आधी कल्ला उघडून बघ. तो लाल हवा, डोळा भरलेला हवा, बोटानं दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं. पापलेटच्या कल्ल्यापाशी दाबलं तर पांढरं पाणी यावं – मासा जुना असेल तर कमी भावातही तो महागच. कल्ला लाल, तर सौदा खुशाल.

१५. एकाच कोळणीकडे जात राहा, आणि तिच्याशी घासाघीस करताना हद्द ओळख – ती पहाटे धक्क्यावर उभी राहून लिलावातला माल उचलते. दोन-चार वेळा नीट वागलास की ती स्वतःच म्हणेल, ‘आज सुरमई नको, मांदेली घे.’ एवढा खरा सल्ला विकत मिळत नाही.

१६. बांगडा, सुरमई घेतलीस की वाटेत दुसरी कामं काढू नकोस. पिशवीत बर्फ घे आणि थेट घरी ये – या जातीचे मासे उन्हात राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं, मग तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात. लोक म्हणतात मासा बाधला, पण बाधते ती वाटेतली दिरंगाई. आणि शिजवल्यानं ते जात नाही.

१७. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेव, रेती सोडतात. उघड्या असलेल्या टिचकी मारून मिटत नसतील तर टाक, आणि शिजवल्यावर ज्या उघडल्या नाहीत त्याही टाक – चमच्यानं उचकटून खाण्याइतकी कुठलीच तिसरी मोलाची नाही.

१८. बांगड्याच्या कालवणात तिरफळं घालताना आतली काळी बी काढ आणि सालं जरा ठेचून घाल. मासा आत गेला की डाव घालायचा नाही, भांडंच दोन्ही बाजूंनी धरून हलवायचं – बांगडा पटकन शिजतो आणि तितक्याच पटकन मोडतो. मीठ-हळद-कोकम लावून ठेवलेला असेल तर रस्सा उकळल्यावर फार तर आठ मिनिटं.

१९. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत समुद्रकाठच्या हॉटेलात ‘ताजं पापलेट’ मागू नकोस – माशांच्या विणीचे दिवस असतात, समुद्रही खवळलेला असतो, आणि ताटात येतं ते बहुतेक बर्फातलं किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेलं. त्या दिवसांत सुके बोंबील, जवळा, खाडीतले मासे, टाकळा, भारंगी. पावसाळ्यातलं कोकण याच चवीचं आहे, ते चुकवू नकोस.

बाहेर जेवायला जातोस त्याबद्दल मी कधी नाक मुरडलं नाही, मुरडणारही नाही. दुसऱ्याच्या हातचं आवडीनं खाणाराच घरी चांगलं रांधतो.

२०. जिथं दोन-तीनच पदार्थ मिळतात तिथं डोळे मिटून बस, जिथं यादी बारा पानी आहे तिथं शेजारच्या टेबलांवर काय चाललंय ते बघून माग – जे सारखं खपतं तेच ताजं असतं.

२१. मिसळ सकाळी खा. कट वेगळ्या वाटीत माग, फरसाणावर थोडाथोडा घाल आणि गप्पा नंतर मार – फरसाण मऊ पडलं की निम्मी मिसळ गेली. कोल्हापुरात सोबत ब्रेड येईल, त्याला नाव ठेवू नकोस. तो कट शोषायला तिथं तोच बरा.

२२. थाळीला बसलास की पहिल्या फेरीत सगळं थोडंथोडं घे, आवडेल ते दुसऱ्यांदा – वाढपी आग्रह करणारच, ते त्याचं काम आहे, आणि ताटावर आडवा हात धरणं तुझं. माटुंग्याला १९४२ पासून चालणाऱ्या रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवायला बसशील तेव्हा ही सवय कामी येईल. पानावर टाकलेलं अन्न झाकायला जागा नसते.

२३. ज्या मासळीपुढे भाव छापलेला नाही, ‘आजचा भाव’ एवढंच आहे, तिचा भाव मागवण्याआधी विचार, आणि मासा केवढा तेही विचार – बिलावर वाद घातला की जेवण अंगी लागत नाही.

२४. काही आंबलेलं, शिळं लागलं तर पहिल्या दोन घासांतच, हळू आवाजात सांग – चांगला मालक लगेच बदलून देतो, अर्धं ताट संपल्यावर त्यालाही अडचण होते.

२५. घरगुती खानावळीत जायचं तर सकाळीच फोन कर, माणसं किती ते नक्की सांग, आणि ठरल्या वेळेला पोच – त्या बाईंनी तुमच्या आकड्यावर बाजार केलेला असतो. मुंबईत गिरणी कामगारांना महिनोन्महिने जेवू घातलं ते अशाच बायकांनी. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हा कुठं त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळायला लागलं. खानावळवाल्या बाईंचे पैसे कधी थकवू नकोस. यात मी काहीही ऐकून घेणार नाही.

२६. सहलीला निघताना पहिल्या जेवणाचा डबा घरून ने: दशम्या आणि शेंगादाण्याची कोरडी चटणी – दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, आणि भुकेनं कासावीस होऊन वाटेत दिसेल तिथं थांबावं लागत नाही.

२७. गाव ठरवण्याआधी हंगाम बघ. जळगावकडे भरीत खायला जायचं तर थंडीत, तेव्हा ती मोठी, हिरवट वांगी येतात आणि कपाशीच्या काड्यांवर भाजली जातात. सोबत कळण्याची भाकरी माग. हुरडाही थंडीतलाच, आणि आगटीतून निघाला की हातावर चोळून तिथल्या तिथं खायचा – गार झाला की चिवट होतो.

२८. गोव्यात किंवा मालवणात सोमवारी पोचत असशील तर माशाची आस धरू नकोस – पुष्कळ घरं त्या दिवशी शिवराक, म्हणजे शाकाहारी असतात, बाजारही सुस्त असतो. त्या दिवशी काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळी खा, मंगळवारी मासे आहेतच.

२९. नागपूरला उतरल्या उतरल्या सावजी मटणावर तुटून पडू नकोस. आधी वाटीभर रस्सा घे, तर्री बाजूला सारून – घाट आणि सावजी रस्सा, दोन्ही पहिल्या गिअरमध्ये चढावेत. कोल्हापुरातही तांबड्याआधी पांढरा घे, पोट तयार होतं.

३०. उघड्यावरचा बर्फ आणि आधीच चिरून ठेवलेली फळं टाळ, बाकी गाडीवरचं कढईतून उतरताना दिसेल ते खुशाल खा – उकळतं तेल आणि उकळता रस्सा यांची मला भीती वाटत नाही, कोमट चटणीची वाटते.

३१. पोट बिघडलंच तर लगेच जलसंजीवनी: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोटघोट – अंगातलं पाणी आणि क्षार जातात, त्यानंच माणूस गळतो. ताप आला, रक्त पडलं किंवा लघवी कमी झाली तर घरचे उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठ.

३२. येताना त्या गावचा मसाला आण, पण लहान पुडी, आणि आणलेली तारीख पुडीवर लिही – मोठी पुडी संपेपर्यंत वास उडून जातो.

३३. कोकणातून येशील तेव्हा माझ्यासाठी कोकमाच्या आगळाची एक बाटली आण. तुझीही आणशील, तेव्हा सोलकढीला आधी नारळाचं दूध, मग बेताबेतानं आगळ, मग चव बघून मीठ – आगळात मीठ आधीच असतं. गॅसवर मात्र ठेवू नकोस, फुटते.