लाव्यांचा थवा

दख्खनच्या माळरानावर झुडपांच्या आडोशाने लावे राहतात. लावा हा वीतभरही लांब नसलेला तपकिरी पक्षी आहे. तो क्वचितच उडतो; त्याचे बहुतेक आयुष्य जमिनीवरच जाते. गवताचे बी व वाळवी हे त्याचे अन्न.

सहापासून वीस-पंचवीसपर्यंत लावे एकत्र हिंडतात. गवतातील ठरलेल्या वाटेने ते एकामागून एक पाण्यावर जातात. रात्री ते जमिनीवर वर्तुळ करून बसतात. सर्वांची अंगे एकमेकांस भिडलेली आणि तोंडे बाहेर वळलेली असतात. शत्रू कोणत्याही दिशेने येवो, तिकडे कोणाचे तरी तोंड असतेच!

चाहूल लागताच ते निश्चल बसतात. शत्रू अगदी जवळ आला, म्हणजे फडफडाट करीत एकदम दाही दिशांना उडतात. कोणाचा पाठलाग करावा हे शत्रूला उमगत नाही. लावे थोड्याच अंतरावर गवतात उतरतात. भय सरल्यावर एक लावा साद घालतो, दुसरा तिला उत्तर देतो आणि पांगलेला थवा पुन्हा एकत्र येतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लाव्यांना संरक्षण दिले आहे. परंतु माळावरचे गवतच जाळून टाकले, तर या चिमुकल्या जिवांनी आसरा कोठे शोधावा?

प्रश्न : लावे तोंडे बाहेर करून का बसतात?