नवी कोंबडी खुराड्यात कधी सोडावी?

आमच्या परसात ९ गावरान कोंबड्या व १ कोंबडा आहे. अंड्यांच्या पैशांतून घरचं मीठ-मिरची आणि आमच्या वह्या येतात. यंदा आईने बाजारातून २ तलंगा आणल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. एकच आणली नाही, कारण एकटीला सगळ्या मिळून टोचतात.

आणल्या दिवशी त्या खुराड्यात सोडल्या नाहीत. बाजारच्या कोंबडीबरोबर मानमोडी येऊ शकते. या रोगाला राणीखेत असेही म्हणतात. ते उत्तराखंडातील एका गावाचे नाव आहे. रोग अंगात असला तरी कोंबडी काही दिवस धडधाकट दिसते. मग हिरवी हगवण लागते, मान वाकडी होते. यावर औषध नाही, आधी दिलेली लसच उपयोगी पडते. आमच्या आळीत एका घरी बाजारची कोंबडी त्याच रात्री आत कोंडली आणि पंधरवड्यात खुराडं रिकामं झालं. म्हणून आमच्या तलंगा ३ आठवडे गोठ्यामागे ठेवल्या. जनावरांच्या दवाखान्यात विचारून लस दिली. त्यांचं पाण्याचं भांडं वेगळं. दाणा आधी घरच्या कोंबड्यांना, मग नव्यांना, आणि नंतर हातपाय धुवायचे.

पुढे आठवडाभर त्यांना दिवसा अंगणात विरळ विणीच्या डालग्याखाली ठेवलं. जुन्या कोंबड्या भोवती फिरायच्या, बघायच्या, पण टोचता येत नव्हतं. मग एका रात्री सगळ्या झोपल्यावर आईने दोघींना हळूच आत ठेवलं. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, म्हणून रात्री भांडण होत नाही. मी मात्र उजाडताच दार उघडलं. कोंडलेल्या जागेत नवीला पळायला वाट नसते ना!

तरी ३-४ दिवस टोचाटोची झालीच. कोंबड्यांत पहिली कोण, दुसरी कोण, असे नंबर ठरलेले असतात. नॉर्वे देशातील शेल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या व १९२२ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. नवी आली की नंबर पुन्हा लागतात, म्हणून थोडं भांडू द्यावं. पण रक्त दिसलं तर ती कोंबडी लगेच बाजूला काढावी, नाहीतर सगळ्या त्याच जागी टोचतात. आम्ही पाण्याची २ भांडी ठेवली व कणी दोन ठिकाणी टाकली. आमची भुरी फार दांडगी, पण तिला दोन्हीकडे पहारा करता येईना.

आता दोघी सगळ्यांच्या मागून दाणा टिपतात. एकीने काल पहिलं अंडं घातलं, तेही खुराड्यात नाही, जळणाच्या ढिगात!