खिडक्या मांडणारा हलका गडी



नाशिकच्या मामांनी त्यांचा जुना संगणक आम्हाला दिला. ताईला मराठी टायपिंग शिकायचं होतं, म्हणून ती फार खूष झाली. पण तो सुरू करावा तर आईच्या नागलीच्या चार भाकरी भाजून व्हायच्या, तरी पडद्यावर चकरी फिरतच असायची. बाबा म्हणाले, "बाजाराच्या दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकू." ताई काही बोलली नाही, पण तिचं तोंड उतरलं.

तेवढ्यात दिवाळीच्या सुट्टीत मामांचा मुलगा आला. दादा इंजिनियरिंगला आहे. त्याने संगणक तपासला नि आईला म्हणाला, "आत्या, हा म्हातारा झालाय, पण मेलेला नाही. याच्या डोक्यावरचं ओझं उतरवू." ते ओझं कोणतं, ते त्याने मला समजावून सांगितलं. तेच इथे लिहीत आहे.

विंडो मॅनेजर म्हणजे काय?

संगणकावर कोणतंही काम उघडलं की ते एका चौकटीत दिसतं. त्या चौकटीला विंडो, म्हणजे खिडकी म्हणतात. खिडकीच्या आत काय दिसायचं, ते त्या कामाचा प्रोग्रॅम ठरवतो. पण खिडकीला कड काढणं, ती सरकवणं, लहानमोठी करणं, कोणती वर नि कोणती खाली ठेवायची, हे सगळं दुसराच एक प्रोग्रॅम करतो. त्याचं नाव विंडो मॅनेजर. गुरुजींच्या टेबलावर वह्या नीट लावून ठेवणारा मुलगा असतो ना, तसाच हा. वहीत काय लिहिलंय ते तो बदलत नाही. तो फक्त मांडणी करतो.

मेमरी म्हणजे त्या टेबलावरची जागा. मांडणी करणाऱ्यानेच फुलदाणी, रंगीत कागद नि सावल्यांचे खेळ मांडून टेबल भरून टाकलं, तर वह्या ठेवायच्या कुठे? आमच्या संगणकाची मेमरी फक्त १ जीबी. तिथे हेच झालं होतं.

गडी बदलता येतो

१९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. लिनक्स मुक्त आहे. म्हणजे ते कसं लिहिलंय ते कोणालाही वाचता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं. लिनक्समध्ये विंडो मॅनेजर हा वेगळा प्रोग्रॅम असू शकतो. म्हणून शेत तेच ठेवून गडी बदलावा, तसा तो बदलता येतो. ओपनबॉक्स, फ्लक्सबॉक्स, आइसडब्ल्यूएम हे असे हलके गडी आहेत. नटणं-मुरडणं कमी, कामापुरतं काम.

दादाने आधी मामांचे जुने फोटो पेनड्राइव्हवर काढून घेतले, कारण नवी प्रणाली घालताना जुनं सगळं पुसलं जातं. मग डेबियन ही मुक्त प्रणाली घातली. ती १९९३ पासून जगभरचे लोक मिळून बनवतात. पहिल्यांदा ओपनबॉक्स लावलं. पडदा नुसता रिकामा! बाबा म्हणाले, "घ्या! होता तोही बंद पडला!" मलाही तसंच वाटलं. दादा हसला. त्याने माउसचं उजवं बटण दाबलं, तशी कामांची यादी उघडली.

पण ताईला ते अवघड वाटलं. मग त्याने आइसडब्ल्यूएम घातलं. त्यात खाली पट्टी असते नि उघडलेली कामं तिथे दिसतात. दोन्ही ठेवता येतात, आत शिरताना कोणतं हवं ते निवडायचं. आता पहिली भाकरी तव्यावर पडते न पडते तोच संगणक तयार असतो.

रायगडच्या शाळेतली गोष्ट

हे काही नवं नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या लहानशा शाळेत 'एक मूल, एक लॅपटॉप' या योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. त्यांची मेमरी फक्त २५६ एमबी होती. आज ४ जीबीचा साधा मोबाइल असतो, त्याच्या सोळावा हिस्सा! तरी मुलं त्यावर लिहीत, चित्रं काढत. त्या लॅपटॉपमध्ये सुरुवातीला मॅचबॉक्स नावाचा विंडो मॅनेजर होता. तो एका वेळी एकच खिडकी पूर्ण पडद्यावर दाखवायचा. लहान यंत्राला लहान ओझं, हा हिशोब तिथे आधीच केलेला होता.

खरं तेही सांगतो

गडी बदलला म्हणून बैल तरणा होत नाही. इंटरनेटवरची चित्रं-व्हिडिओंनी भरलेली पानं उघडली की आमचा संगणक अजून दमतो. ते ओझं त्या पानांचं आहे, मांडणाऱ्याचं नाही. पण टायपिंगला इंटरनेट लागत नाही. ताई रोज संध्याकाळी, लाइट असेल तोवर, मराठी टायपिंगचा सराव करते. परवा तिने बाबांचं पूर्ण नाव न बघता टाइप केलं. बाबा पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. भंगारवाल्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

म्हणून पालकहो, घरी जुना संगणक असेल तर तो टाकण्याआधी जाणत्या माणसाला एकदा विचारा, "हा खरंच बिघडलाय, की नुसतं ओझं जास्त झालंय?"

स्वाध्याय
१. विंडो मॅनेजर कोणती तीन कामं करतो?
२. १ जीबी म्हणजे १०२४ एमबी. तर आमच्या संगणकाची मेमरी खैरातच्या लॅपटॉपच्या किती पट?
३. नवी प्रणाली घालण्याआधी काय करावे?

— इयत्ता सातवी, हरसूल